एकदा य राहतो, एकदा जातो

पत्र

मॅडम, नमस्कार.

मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घर पूर्व भागात. बाबा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, आई विड्या वळते. घरी आम्ही तेलुगू बोलतो आणि दहावीपर्यंत माझी शाळा मराठी माध्यमाची होती. बारावीला गणितात चांगले मार्क होते, डेरिव्हेटिव्ह तर माझा आवडता धडा. आता पार्शियल डेरिव्हेटिव्ह सुरू झालंय आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. सर म्हणतात, 'यला कॉन्स्टंट धरा.' पण य तर व्हेरिएबल आहे, तो कॉन्स्टंट कसा होईल? आणि धरला तरी क्ष²य³ मध्ये य तसाच राहतो, ५य² मध्ये मात्र त्याचं शून्य होतं. एकदा य राहतो, एकदा जातो. का? मैत्रीण म्हणाली, पाठ करून टाक. केलं पाठ. युनिट टेस्टला वीसपैकी चार मिळाले. क्ष²य³ चं उत्तर मी २क्ष·३य² लिहिलं होतं. दुसऱ्या एका उदाहरणात प्रत्येक यच्या मागे डीवाय बाय डीएक्स लावलं, त्यावर नुसती लाल फुली आली. वर्गात सत्तर जण आहेत, हात वर करायची लाज वाटते. बाबांना मार्क सांगितलेले नाहीत. हे सगळं सोडून बी.कॉम.ला जावं का, असं वाटायला लागलंय.

— पूर्व भागातली एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय लेकी,

बी.कॉम.चं नंतर बोलू. आधी य.

'य तर व्हेरिएबल आहे, तो कॉन्स्टंट कसा होईल?' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न तोंडाने विचारणारी मुलं मला बोटावर मोजण्याइतकी भेटली. बाकीची तो मनातच दाबतात आणि नियम पाठ करून पुढे जातात. तुझ्या मैत्रिणीने तसंच केलं असणार. तुला ते जमलं नाही, कारण तुला तो प्रश्न खरोखर खुपतोय. त्याचं उत्तर तुझ्या घरातच आहे. बाबांच्या मागावर.

मागावर बीम चढतो तेव्हा काय होतं, ते बाबांना एकदा विचार. ताण्याचे हजारो धागे त्या बीमवर गुंडाळलेले असतात, फणीतून ओवलेले असतात. बीम चढला की कापडाची रुंदी ठरली. आता तो बीम संपेपर्यंत टॉवेल लांब विणायचा की आखूड, हे हातात असतं. रुंदी मात्र मनात आलं म्हणून दर टॉवेलला बदलता येत नाही. मग रुंदी कॉन्स्टंट आहे का? या बीमपुरती आहे. पुढचा बीम वेगळ्या रुंदीचा चढला की तीच रुंदी बदललेली असेल. म्हणजे रुंदी हा व्हेरिएबलच आहे, पण लांबी बदलून बघण्याचा जो खेळ आपण आत्ता खेळतोय, त्यात ती जागची हलत नाही.

सरांच्या 'यला कॉन्स्टंट धरा' या वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'कॉन्स्टंट' नाही, 'धरा' आहे. य बदलू शकतो, पण आपण त्याला तेवढ्यापुरतं धरून ठेवलंय. दुसऱ्या खेपेला यला सोडू आणि क्षला धरू. पार्शियल म्हणजे आंशिक. एकूण बदलाचा एक अंश, एकाच दिशेचा.

आता आकडे घेऊ. टॉवेलच्या धंद्यात जीएसएम हा शब्द बाबांच्या तोंडी असेलच: एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. तेव्हा टॉवेलचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम.

व = ल × र × ज

लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर, जीएसएम ४०० धर. वजन येतं १.५ × ०.७५ × ४०० = ४५० ग्रॅम. मालकाने विचारलं, 'लांबी एक सेंटिमीटर वाढवली तर सूत किती जास्त जाईल?' तर रुंदी आणि जीएसएम धरून ठेव आणि फक्त ल हलव. र × ज ही जोडी लला चिकटलेला एक साधा आकडा झाली. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर: ल एकाने हलला की ५ल पाचाने हलतं, म्हणून ५लचं डेरिव्हेटिव्ह ५, तसं (र × ज)लचं डेरिव्हेटिव्ह र × ज. बाकीचं धरून फक्त ल हलवला, हे वाकड्या ∂ ने असं लिहितात:

∂व/∂ल = र × ज = ०.७५ × ४०० = ३०० ग्रॅम दर मीटरला, म्हणजे एका सेंटिमीटरला ३ ग्रॅम.

आता रुंदी एक सेंटिमीटर वाढवली तर?

∂व/∂र = ल × ज = १.५ × ४०० = ६०० ग्रॅम दर मीटरला, म्हणजे एका सेंटिमीटरला ६ ग्रॅम.

एक सेंटिमीटर इकडेही आणि एक सेंटिमीटर तिकडेही, पण सूत दुप्पट. कारण लांबी वाढवली की पाऊण मीटरची पट्टी जोडली जाते आणि रुंदी वाढवली की दीड मीटरची. हे बाबांना विचारलंस तर ते कागद न घेता सांगतील. पार्शियल डेरिव्हेटिव्ह त्यांना येतं, फक्त त्याचं हे नाव त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न: य एकदा राहतो आणि एकदा जातो.

टॉवेलच्या दोन्ही टोकांना कापड दुमडून शिवतात. त्या शिवणीला लागणारा दोरा रुंदीवर अवलंबून असतो, लांबीवर नाही. समजा त्याचं वजन रुंदीच्या दर मीटरला ८ ग्रॅम. हा आकडा मी नुसता समजण्यासाठी धरलाय. मग एकूण वजन:

व = लरज + ८र

इथे र दोन ठिकाणी बसलाय. लांबी थोडी वाढव. पहिल्या पदात जी नवी पट्टी जोडली जाते ती र इतकी रुंद आहे, म्हणून उत्तरात र लागतोच. दुसऱ्या पदात काय झालं? टोकं होती तिथेच, तेवढीच रुंद. शिवणीत एक सूतभरही भर पडली नाही. म्हणून तिथे शून्य.

∂व/∂ल = रज + ०

८र हे पद नाहीसं झालेलं नाही, टॉवेलला शिवण आहेच. लांबीमुळे जो *बदल* होतो, त्यात तिचा वाटा शून्य आहे. डेरिव्हेटिव्ह वजन विचारत नाही, बदल विचारतं. तुझ्या क्ष²य³ मध्ये य³ हा क्षच्या गुणाकारात आहे. क्ष हलला की तो हलणं य³ पटीने मोठं करून दाखवतो, म्हणून राहतो: २क्षय³. ५य² मध्ये क्षचा मागमूसही नाही, म्हणून क्ष कितीही हलला तरी ते पद ढिम्म. तेव्हा लिहिण्याआधी प्रत्येक पदाला विचारायचं: तुझ्यात क्ष आहे का? नसेल तर शून्य. असेल तर क्षला चिकटलेलं बाकी सगळं गाठोडं तसंच उचलून ठेव आणि फक्त क्षवर नियम लाव.

तू २क्ष·३य² लिहिलंस, म्हणजे क्ष आणि य दोघांनाही एकाच वेळी हलवलंस आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार केलास. असा नियम एका व्हेरिएबललाही नव्हता. क्ष²·क्ष³ चं डेरिव्हेटिव्ह २क्ष·३क्ष² नसतं, ५क्ष⁴ असतं, हे तू बारावीत नक्की केलंयस.

लाल फुलीचं कारण मी सांगते, कारण ती चूक हुशार मुलांचीच असते. बारावीत तू क्ष² + य² = २५ यासारखी समीकरणं सोडवलीस. तिथे क्ष आणि य एकाच वर्तुळाला बांधलेले होते. क्ष हलला की यला हलावंच लागायचं, म्हणून य²चं डेरिव्हेटिव्ह घेताना २यच्या मागे डीवाय बाय डीएक्स जोडायची सवय लागली. ती सवय तिथे अगदी बरोबर होती. इथे यचं स्वतंत्र बिऱ्हाड आहे. फ(क्ष, य) मध्ये क्ष काहीही असो, य स्वतःच्या मर्जीने असतो. क्षचं य ऐकत नाही आणि यचं क्ष ऐकत नाही. म्हणून क्षच्या संदर्भात य²चं डेरिव्हेटिव्ह सरळ शून्य. बारावीत तू जे चांगलं शिकलीस तेच इथे आडवं आलं. चार मार्कांमागची ही खरी गोष्ट बाबांनाही सांगता येईल.

चिन्हच मुळी वेगळं का, तेही यावरून कळेल. साध्या डीऐवजी हा वाकडा ∂ लेजांद्र या गणितज्ञाने १७८६ मध्ये या कामासाठी वापरला आणि मग सोडूनही दिला. याकोबीने १८४१ मध्ये तो पुन्हा आणला आणि तेव्हापासून तो रुळला. पुढे जेकोबियन नावाचा धडा येईल, तो याच माणसाच्या नावाचा. आपल्याकडे वर्गात त्याला 'डो' म्हणतात. वाकडा डो दिसला की समजायचं: इथे आणखी कुणीतरी आहे आणि त्याला धरून ठेवलंय.

आता वहीत करायची कामं. छापायच्या सोयीसाठी मी क्ष-य लिहितेय, तू तुझी इंग्रजी अक्षरं लिही. प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: 'हलतोय: क्ष. धरलाय: य.' आणि धरलेल्या अक्षराभोवती पेन्सिलने चौकट काढायची. पहिल्या आठवड्यात हे न चुकता कर. पोरकट वाटेल, तरी कर. प्रश्नातलं 'विथ रिस्पेक्ट टू' हे शब्द अनेक मराठी माध्यमाच्या मुलांना नुसतेच वाचायची सवय असते. त्यांचा अर्थ एवढाच: हलणारा कोण. तेलुगूत मनाशी म्हणालीस तरी चालेल. गणिताला भाषेचं वावडं नाही.

फ = क्ष³य² + ५य² − ४क्ष + य

क्ष हलतोय. पहिल्या पदात य²चं गाठोडं बाजूला, ३क्ष²य². दुसऱ्यात क्ष नाही, शून्य. तिसऱ्याचं −४. चौथ्यात क्ष नाही, शून्य. म्हणून ∂फ/∂क्ष = ३क्ष²य² − ४. आता य हलतोय: २क्ष³य + १०य + १. इथे −४क्ष शून्य झालं, ते बघ.

ठेच लागते ती चेन रूलला, म्हणजे एका फंक्शनच्या पोटात दुसरं असतं तेव्हाच्या नियमाला. फ = साइन(क्ष²य) घे. क्ष हलतोय. बाहेरच्या साइनचा कोसाइन होतो, आतलं तसंच राहतं, आणि मग आतल्याचं डेरिव्हेटिव्ह, तेही फक्त क्षच्या संदर्भात: २क्षय. उत्तर कोसाइन(क्ष²य) × २क्षय. य हलवला तर बाहेरचं तेच, आतलं क्ष². उत्तर कोसाइन(क्ष²य) × क्ष². मुलं आतल्या भागात शिरली की कोण हलतोय ते विसरतात. म्हणून ती डोक्यावरची ओळ.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं: क्ष^य, म्हणजे क्षचा य घात, क्ष शून्यापेक्षा मोठा. क्ष हलतोय तर य हा घातांक धरलेला आहे, क्ष⁵ सारखा. उत्तर य × क्ष^(य−१). आता क्षला धर आणि यला सोड. आता हे २^य सारखं झालं, घातांकच पळतोय. उत्तर क्ष^य × लॉग क्ष. राशी तीच, पण कुणाला धरलं त्यावर नियमच बदलला. 'धरणं' म्हणजे काय हे ज्याला अजून नीट उमगलेलं नाही, त्याला मी हे एकच उदाहरण देते.

भागाकाराचा नियम उगाच लावू नकोस. क्ष/(क्ष² + य²) मध्ये क्ष हलत असेल तर वर-खाली दोन्हीकडे क्ष आहे, तिथे नियम लावणं भाग आहे आणि उत्तर (य² − क्ष²)/(क्ष² + य²)² येतं. पण य हलत असेल तर वरचा क्ष नुसता आकडा आहे. त्याला बाहेर काढ, उरलेल्याला चेन रूल लाव: −२क्षय/(क्ष² + य²)². अर्ध्या ओळीचं काम.

उत्तर बरोबर आलं का, हे सरांना विचारायची लाज वाटते ना? मग विचारू नकोस, स्वतःच तपास. दोन वाटा आहेत.

पहिली कॅल्क्युलेटरची. वरच्या पहिल्या उदाहरणात क्ष = २, य = १ ठेव. फ = ८ + ५ − ८ + १ = ६. ∂फ/∂क्ष = १२ − ४ = ८. आता य १ वरच ठेवून क्ष २.०१ कर. फ येतो ६.०८०६०१. वाढ ०.०८०६०१, ती ०.०१ ने भाग: सुमारे ८.०६. आठच्या शेजारी आलं, म्हणजे उत्तर बरोबर. तुझ्या टेस्टमधल्या २क्ष·३य² वर हेच करून बघ. दोन मिनिटांत कळलं असतं की काहीतरी बिनसलंय.

दुसरी वाट जास्त सुंदर आहे. आधी क्षच्या संदर्भात काढलेलं उत्तर घे आणि त्याचं यच्या संदर्भात पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढ: ३क्ष²य² − ४ वरून ६क्ष²य. मग उलट, यचं उत्तर घेऊन त्याला क्षच्या संदर्भात: २क्ष³य + १०य + १ वरून ६क्ष²य. दोन्ही सारखी. तुझ्या पुस्तकातल्या जवळपास सगळ्या फंक्शनना हे लागू आहे. दुसऱ्या पायरीची ही मिश्र डेरिव्हेटिव्ह अखंड, म्हणजे कंटिन्युअस असली की क्रम बदलून काही फरक पडत नाही. ऑयलर आणि क्लेरो यांना हे अठराव्या शतकात ठाऊक होतं, काटेकोर सिद्धता श्वार्त्झने १८७३ मध्ये दिली. दोन उत्तरं जुळली नाहीत तर त्यातलं एक नक्की चुकलंय, हे तुला फुकटात कळतं.

आणि ऑयलरचं थिअरम याच सत्रात येईल, होमोजीनियस फंक्शनचं, म्हणजे सगळे चल एकाच पटीने वाढवले की जे त्या पटीच्या ठरावीक घाताने वाढतं त्याचं. त्यालाही टॉवेल पुरतो. ल, र, ज तिन्ही दुप्पट केले तर वजन आठपट, म्हणजे घात ३. थिअरम म्हणतं, प्रत्येक चल गुणिले त्याचं पार्शियल, सगळ्यांची बेरीज ३व यायला हवी. १.५ × ३०० = ४५०. ०.७५ × ६०० = ४५०. जीएसएमचं पार्शियल ल × र = १.१२५, ४०० × १.१२५ = ४५०. बेरीज १३५०, म्हणजे ३ × ४५०. शिवणीचं ८र घेतलं नाही, ते घेतलं की हे बिघडतं. का बिघडतं, ते तू शोध.

डोळ्यांना दिसायला हवं असेल तर घरातली सोलापुरी चादर घे आणि दोन उशांवर अंथर. उंचवटे, खळगे तयार होतील. प्रत्येक जागची उंची म्हणजे फ. चादरीवर उभे-आडवे धागे आहेत, ताणा आणि बाणा. एका जागी बोट ठेव आणि एकाच ताण्याच्या धाग्यावरून पुढे सरकव. बोट चढतं की उतरतं, किती तीव्र, ते ∂फ/∂क्ष. पुन्हा त्याच जागी ये आणि बाण्याच्या धाग्यावरून सरकव, ते ∂फ/∂य. जागा एकच, उतार दोन. एका दिशेला चढ आणि दुसरीकडे उतार, असंही होईल. तिरपं सरकवलंस तर या दोघांतून तिसरा उतार मिळतो, तो पुढच्या धड्यात. फक्त एवढं लक्षात ठेव की दोन धाग्यांवरून अख्ख्या चादरीचा भरवसा देता येत नाही. क्षय/(क्ष² + य²) हे फंक्शन, शून्य-शून्य या बिंदूवर त्याची किंमत शून्य धरली, तर तिथे दोन्ही पार्शियल शून्य येतात, आणि तरी क्ष = य या तिरप्या रेषेवरून आलं की किंमत सतत १/२ राहते, शून्याकडे जातच नाही. परीक्षेला हे क्वचित येतं. पण मला वाटतं, तू विचारशील.

आता एक गोष्ट, जी पहिल्या वर्षाला सहसा सांगत नाहीत आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा मालक म्हणाला, 'टॉवेल लांब करा, पण कापडाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवा.' म्हणजे लांबी वाढेल तशी रुंदी कमी करायची. आता लांबी एक सेंटिमीटर वाढवली तर वजन किती वाढेल? शून्य. मघाशी ३ ग्रॅम होतं, आता शून्य. टॉवेल तोच, लांबी तीच, वजन तेच. फरक इतकाच की मघाशी रुंदी धरली होती आणि आता क्षेत्रफळ धरलंय. म्हणून 'लांबीच्या संदर्भात वजनाचं पार्शियल डेरिव्हेटिव्ह किती' हा प्रश्न अर्धवट आहे. काय धरून, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पुढे थर्मोडायनॅमिक्समध्ये कंसाबाहेर खाली एक बारीक अक्षर लिहिलेलं दिसेल, दाब धरून की आकारमान धरून हे सांगणारं. तिथे पुष्कळ मुलं गडबडतात. तुझ्या प्रश्नातून सुरुवात केलेलं माणूस गडबडणार नाही, कारण 'धरायचं म्हणजे काय' हेच तू पहिल्या दिवसापासून विचारतेयस.

आणि हे सगळं कशाला? एप्रिलमध्ये नवी पेठेत एका जागी उभी राहा आणि सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत थर्मामीटर बघ. जागा धरली, वेळ सोडली. मग दुपारी दोनच्या ठोक्याला नवी पेठेतलं तापमान आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचं तापमान यांची तुलना कर. वेळ धरली, जागा सोडली. उष्णता कशी पसरते याचं समीकरण या दोन प्रकारच्या पार्शियलांना जोडूनच बनतं. फूरिएने त्यावरचा आपला ग्रंथ १८२२ मध्ये छापला. आजची संगणकं चित्रं आणि भाषा ओळखायला शिकतात तेव्हाही आत हेच चालतं: एकेक आकडा किंचित हलवला तर चूक किती कमी-जास्त होते, हे प्रचंड संख्येने पार्शियल डेरिव्हेटिव्ह काढून ठरवतात. तू कुठल्याही शाखेत असलीस तरी हे तुझ्या वाटेवर आहे.

बी.कॉम. वाईट नाही. हिशोबाची आवड असलेल्यांनी आनंदाने करावं. पण तू तिकडे आवडीने निघालेली नाहीस, वीसपैकी चार मिळाले म्हणून पळतेयस, आणि ते चार मार्क दोन चुकांचे आहेत, ज्या आज वहीत सापडल्या. एका युनिट टेस्टवर शाखा बदलू नकोस. महिनाभर रोज सहा उदाहरणं कर, जास्त नको, पण प्रत्येक उदाहरण दोन्ही वाटांनी तपासून. त्यानंतरही नकोसं वाटलं तर मला पुन्हा लिही, मी तुझ्या बाजूने विचार करेन.

हात वर करायची लाज वाटते हे मी समजू शकते. सत्तर जणांत नको. तास संपल्यावर वही घेऊन सरांकडे जा आणि फक्त त्या लाल फुलीवर बोट ठेवून विचार: 'सर, य स्वतंत्र आहे म्हणून इथे डीवाय बाय डीएक्स येत नाही ना?' उत्तर तुला माहीत असलेला प्रश्न विचारायला भीती वाटत नाही. एकदा तोंड उघडलं की पुढचा प्रश्न, उत्तर माहीत नसलेला, आपोआप येतो.

बाबांना मार्क सांग. नुसते मार्क सांगू नकोस, टॉवेल घेऊन बस. कारखान्यातल्या एखाद्या टॉवेलची लांबी, रुंदी आणि जीएसएम त्यांच्याकडून घे आणि हे सोडव: लांबी २ सेंटिमीटर कमी केली, रुंदी १ सेंटिमीटर वाढवली आणि जीएसएम १० ने उतरवला, तर वजनात सुमारे किती फरक पडेल? आपल्या दीड मीटरच्या टॉवेलसाठी पार्शियलांनी उत्तर येतं −६ + ६ − ११.२५, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम कमी. प्रत्यक्ष गुणाकार केला तर ४३८.६७ ग्रॅम येतात, म्हणजे ११.३३ ग्रॅम कमी. तो आठ शतांश ग्रॅमचा फरक कुठून आला, ते पुढच्या पत्रात मला तू सांगायचं आहेस. सोबत बाबांच्या टॉवेलचे आकडेही लिही.